एकच पाणी दिलेली काच

मंगळवार, १२ तारीख

काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. छोटी रडली म्हणून नाही, ती बिचारी गाढ झोपली होती. काल सकाळी आमच्या ह्यांच्या व्हॅनने सायकलवरच्या एका बाईंना धडक दिली, आणि त्या व्हॅनची पुढची काच मी धुतली होती. भांड्यांच्या साबणाने. हे म्हणतात, समोरून ऊन आलं, काच एकदम पांढरी झाली, काही म्हणजे काही दिसलं नाही. म्हणून झोप नाही.

बोलावं तर कुणाशी? शेजारच्या शिवणताई मला नेहमी म्हणतात, "तू बोलत नाहीस, आतल्या आत शिजतेस. लिहून काढत जा." ही वही त्यांनीच दिलेली, छोटीला रेघोट्या मारायला. त्यांची मापांची जुनी वही आहे. डाव्या पानावर कुणाची तरी छाती छत्तीस, कंबर बत्तीस, बाही कोपरापर्यंत. उजवं पान कोरं. मी उजव्या पानावर लिहितेय. मी सहावीपर्यंत शिकले. चुका असतील.

सगळं नीट पहिल्यापासून लिहिते, नाहीतर डोक्यात गुंता होतो.

हे पॅकिंगच्या कारखान्यातल्या बायकांना आणायची-सोडायची व्हॅन चालवतात. मालकांच्या अशा तीन व्हॅन आहेत, तिन्ही आमच्याच गल्लीत उभ्या असतात. चार महिने झाले, तिन्हींच्या काचा मी धुते. छोटी उठायच्या आत. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, काच पुसायचं निळं पाणी कुठे मिळतं, तर मालक हसले. "वहिनी, ते म्हणजे नुसतं रंगीत पाणी. घरातला भांड्यांचा साबण घ्या ना. ताट चकचकीत होतं तर काच नाही होणार?" तेव्हापासून मी तोच घेते. बादलीभर पाण्याला अर्धं झाकण साबण. स्पंजने धुवायचं, दोन पाणी द्यायची, मग ह्यांच्या जुन्या बनियनने कोरडं करायचं. दुसऱ्या व्हॅनचा ड्रायव्हर म्हणाला, "आता काचेत बघून दाढी करतो मी." मला खूप बरं वाटलं होतं. छोटी झाल्यापासून माझ्या कामाला कुणी चांगलं म्हटलं असं तेव्हाच.

काल सकाळी ह्यांच्या काचेवर पक्ष्यांनी घाण केली होती. वाळून चिकटली होती, बादलीच्या पाण्याने निघेना. मी बाटलीतून साबण सरळ काचेवर ओतला. भरपूर. फेसच फेस झाला. घासलं, निघालं. एक पाणी दिलं. दुसऱ्या पाण्याला नळ गेला. तेवढ्यात हे आले, "अगं झालं का? सातला पाच कमी आहेत." मी बनियन फिरवलं. काच कोरडी दिसत होती, स्वच्छ दिसत होती. मी म्हटलं, "झालं."

झालं नव्हतं. एकच पाणी दिलं होतं. हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

बुधवार, १३ तारीख

बाई जिवंत आहेत. शाळेत गणित शिकवतात. खुब्याचं हाड मोडलंय, डोक्याला टाके आहेत, गुंगीत असतात. गाडीत तेव्हा दुसरं कुणीच नव्हतं. कारखान्यातली पहिली बाई बेकरीच्या चौकाच्या पुढे चढते आणि हे झालं चौकातच.

पोलिसांनी गाडी ठेवून घेतली. ह्यांना सोमवारीच संध्याकाळी सोडलं, पण पुन्हा बोलावणार आहेत. कागद पुरा व्हायचाय म्हणे.

हे जेवत नाहीत. काल ताटावर बसून रडले. मी लग्नात पण एवढं रडले नव्हते. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाले, "तुझं ते फेसाळ पाणी!" एवढंच. मग पुन्हा रडले. मग म्हणाले, "तुझी काय चूक म्हणा, तुला काय माहीत." असं म्हटल्यावर मला जास्त वाईट वाटलं.

ह्यांचा फोनही फुटला. काचेवर जाळं झालंय. गाडीत खाली पडला, ब्रेकपाशी. म्हणून माझा फोन आता ह्यांच्याकडे असतो, मालकांचा कधी फोन येईल सांगता येत नाही ना. मालकांचं असं आहे की पहिल्या रिंगला उचलायचा. गाडी चालू असो नाहीतर उभी असो. दुसऱ्या रिंगला उचलला तर विचारतात, "कुठल्या राजाच्या मांडीला मांडी लावून बसला होतास?" दुसरे दोन ड्रायव्हर यावर हसतात, आमचे हे हसत नाहीत, घाबरतात.

सोमवारी मालक घरी आले तेव्हा चप्पल काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "फोन कुठाय?" मला वाटलं होतं, बाई कशा आहेत ते आधी विचारतील. पण मोठ्या माणसांच्या डोक्यात शंभर गोष्टी असतात.

शुक्रवार, १५ तारीख

आज मी एक करून बघितलं.

आमची बसायची खोली लहान आहे पण तिला एक खिडकी चांगली आहे. गिरणीच्या चिमणीकडून सूर्य वर येतो तो सरळ त्या खिडकीत. छोटीची दुपटी मी तिथेच वाळवते. आज सकाळी सातला मी त्या काचेच्या अर्ध्या भागावर साबण सरळ ओतला, घासला, एकच पाणी मारलं आणि बनियनने पुसलं. अगदी सोमवारसारखं. राहिलेल्या अर्ध्या भागाला अर्धं झाकण साबण आणि दोन पाणी, नेहमीसारखं.

मग आत येऊन बसले. ऊन काचेवर आलं. नेहमीसारखी धुतलेली बाजू स्वच्छ होती. गिरणीची चिमणी दिसत होती, तिच्यावरची शिडीसुद्धा दिसत होती. आणि दुसरी बाजू पांढरी. दुधावर साय धरते तशी. समोरची भिंत दिसेना, झाड दिसेना. छोटी हात दाखवून "धू, धू" म्हणायला लागली. तिला धूर वाटला.

म्हणजे ह्यांचं खरं आहे. माझ्याच हाताने झालं. मी तिथेच खाली बसले. छोटी येऊन माझ्या मांडीवर बसली आणि माझं नाक ओढायला लागली.

दादाने मला हे सांगितलं होतं. माझा मोठा भाऊ. तो गाड्यांच्या काचा बसवायचं काम करतो. त्याच्या हातांना बारीक बारीक चिरा असतात, लहानपणी मी त्या मोजायचे. पहिल्यांदा काचा धुवायला लागले तेव्हा मी त्याला गुपचूप फोन केला होता, तर म्हणाला, "ढब्बे, साबण वापर, पण थोडा. आणि दोन पाणी. साबणाची साय काचेवर बसते. सावलीत दिसायची नाही. ऊन तोंडावर आलं की दिसते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो." दोन पाणी, असं त्याने दोनदा सांगितलं होतं.

दादाचं आणि ह्यांचं जमत नाही. छोटी झाली तेव्हा तो आला होता, माझ्यासाठी दुलई आणि ह्यांच्यासाठी गॉगल घेऊन. चांगला, डब्यातला. ड्रायव्हर माणसाला लागतो म्हणून. तर ह्यांनी डबा उघडलासुद्धा नाही. म्हणाले, "मला काय करायचाय? जाताना ऊन पाठीला, येताना ऊन पाठीला. फॅशन करायला वेळ नाही आम्हाला." दादाने डबा माझ्या हातात दिला. जाताना जिन्यात मला म्हणाला, "कधीही काही झालं तर फोन लाव. काय झालं ते नंतर सांग, आधी लाव." तेव्हापासून आला नाही. मीही बोलावलं नाही. गॉगल कपाटात आहे, तसाच.

आता त्याला फोन करून काय सांगू? की तू दोनदा सांगितलंस आणि मी एकच पाणी दिलं?

सोमवार, १८ तारीख

आज मी बाईंना बघून आले. ह्यांना सांगितलं नाही. हे पहाटेच मालकांकडे गेले होते. हल्ली तिथेच असतात.

सकाळी आठ ते नऊ भेटायची वेळ असते. बसची वाट न बघता चालतच निघाले. सात वाजले होते. छोटीला कडेवर घेतलं आणि मोठ्या रस्त्याने, व्हॅन जाते त्याच रस्त्याने, बेकरीच्या चौकाकडे. छोटी आज मजेत होती. आमची सावली पुढे पडली होती, लांबच लांब, तिला ती पकडायची होती. सारखी खाली झेपावत होती. "अगं पडशील!" तरी ऐकेना. शेवटी तिला खाली सोडलं. ती सावलीवर पाय द्यायची, सावली पुढे जायची, ही पुन्हा मागे लागायची. बेकरीपर्यंत असंच. चौकात रस्त्यावर अजून खडूच्या खुणा आहेत. तिथे मी तिला उचलून घेतलं.

बाईंच्या वॉर्डात सहा खाटा. त्यांची खिडकीजवळची. पाय वर टांगलेला, डोक्याला पट्टी, चष्मा एका काडीचा. त्यांना वाटलं मी कुणाची तरी आई, शाळेतल्या मुलाची.

"कितवीत आहे तुझा?"

मी म्हटलं, "नाही बाई. मी त्या व्हॅनवाल्यांची बायको."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली.

मी म्हटलं, "काच मी धुतली होती. साबण जास्त झाला. ऊन आलं आणि ह्यांना दिसलं नाही. चूक माझी आहे. ह्यांची नाही."

हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. छोटी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

बाई म्हणाल्या, "बस आधी. पोरगी जड आहे." मी बसले. "तुला कुणी सांगितलं, ऊन आलं म्हणून?"

"ह्यांनीच."

"हं." त्यांनी डोळे मिटले. "मी चौकात मध्यावर होते. मी त्याच्याकडे बघत होते, थांबेल म्हणून. मला त्याचा चेहरा दिसलाच नाही. डोकं दिसलं. मधोमध भांग आहे ना त्याला?"

मी म्हटलं, "हो."

"तो भांग दिसला मला. खाली वाकला होता."

मग नर्स आली आणि वेळ संपली म्हणाली. उद्या बाईंचं दुसरं ऑपरेशन आहे. पोलीस अजून त्यांच्याशी नीट बोललेले नाहीत, आधी शुद्धच नव्हती. निघताना त्यांनी विचारलं, "कितवीपर्यंत शिकलीस?" मी सांगितलं. म्हणाल्या, "सहावीत कोनमापक येतो. आठवतो?" मला काही आठवलं नाही. मी हो म्हटलं.

उजेड तोंडावर आला की माणूस मान खाली घालतोच. म्हणून भांग दिसला असेल.

शेजारची म्हातारी दारापर्यंत ओरडत होती, "बाळाला काही खायला घाल गं, हाडं दिसतात!" छोटीची हाडं कुठेही दिसत नाहीत.

मंगळवार, १९ तारीख

बाईंचं ऑपरेशन झालं का ते कळलं नाही. शिवणताईही नाहीत, मुलीच्या बाळंतपणाला गेल्यात, गुरुवारी दुपारी येणार. त्यांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे, झाडांना पाणी घालायला. त्यांच्या मशीनवर धूळ बसली होती, पुसली.

दुसऱ्या दोन व्हॅनच्या काचा आता मी धुवायच्या नाहीत. मालकांनी निळ्या पाण्याच्या तीन बाटल्या आणल्या.

बुधवार, २० तारीख

अंधारात लिहितेय म्हणून अक्षर असं.

दुपारी मालक आले, मालकीणबाईही आल्या. हे होते. छोटी झोपली होती. मालकांनी एक कागद काढला, टाइप केलेला. मला म्हणाले, "वहिनी, साधी गोष्ट आहे. उद्या दहाला चौकीत जायचं, हे त्यांना द्यायचं आणि खाली सही करायची."

मी विचारलं, "काय आहे यात?"

"जे झालं तेच आहे."

मी वाचायला घेतलं. मला वेळ लागतो, बोट ठेवून वाचते. मालक घड्याळ बघत होते. मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, वाचून काय करतेस, घरचीच माणसं आहेत ना." तरी मी वाचलं. त्यात लिहिलं होतं की मी कुणालाही न सांगता, कुणाचीही परवानगी न घेता, माझ्या मनाने, घरातला भांड्यांचा साबण काचेला लावला. त्यामुळे चालकास समोरील काही दिसले नाही. या अपघातास मी एकटी जबाबदार आहे.

मी म्हटलं, "पण भांड्यांचा साबण घ्या असं तुम्हीच म्हणालात. ताट चकचकीत होतं तर काच नाही होणार, असं."

मालक म्हणाले, "मी?" आणि ह्यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते.

"वहिनी, मी असं म्हणालो असेन तरी गमतीत म्हणालो असेन. तुम्ही ते मनावर घेतलंत."

चार महिने मी रोज सकाळी गंमत करत होते म्हणजे.

मी विचारलं, "सही केली तर मला आत ठेवतील?"

"छे छे! बाईमाणूस, लहान मूल, कोण ठेवतंय? दोन प्रश्न विचारतील. आणि सही नाही केली तर ह्याला ठेवतील. ड्रायव्हर आहे ना, लायसन गेलं, काम गेलं, सगळं गेलं. मग तुम्ही खाणार काय? साबण?"

मालकीणबाई माझ्याजवळ सरकल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला, त्यांच्या हाताला क्रीमचा वास येतो. म्हणाल्या, "तू छोटीची काळजीच करू नकोस. मी आहे ना. मी सांभाळीन. कितीही दिवस."

कितीही दिवस.

दोन प्रश्न विचारायला कितीही दिवस कसे लागतील? मी ह्यांच्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही बोला ना काहीतरी."

हे म्हणाले, "ऐक ना. काच तूच धुतली होतीस ना?"

मी म्हटलं, "हो."

"साबण जास्त झाला होता ना?"

मी ह्यांना ते कधीच सांगितलं नव्हतं. बहुतेक त्यांनी फेस बघितला असेल. मी म्हटलं, "हो."

"मग झालं तर."

मी माझा फोन मागितला. दादाला विचारते म्हटलं. हे काही बोलायच्या आत मालक म्हणाले, "आता बाहेरच्या माणसांना मध्ये नको. गोष्टी वाढतात." दादा बाहेरचा. आणि मालकीणबाई आतल्या.

मी उद्या सांगते म्हटलं. मालक म्हणाले, "उद्या सांगायचं नाही, उद्या जायचंय." कागद ताटाखाली ठेवून गेले, उडू नये म्हणून. मालकीणबाई गेल्या नाहीत. म्हणाल्या, तुला सोबत म्हणून थांबते. चांगल्या आहेत तशा. मी पाण्याला गेले तर नळापर्यंत सोबत आल्या.

गुरुवार, २१ तारीख

सकाळचे साडेसात. पटापट लिहिते. मी शिवणताईंच्या खोलीत आहे, झाडांना पाणी घालते असं सांगून आलेय. मालकीणबाई जिन्यात उभ्या आहेत, छोटी त्यांच्याकडे आहे. छोटी रडतेय. ऐकू येतंय.

आज सकाळी दुपटी घालायला खिडकीशी गेले. ती शुक्रवारची अर्धी काच मी धुतलीच नव्हती, साय तशीच आहे. ऊन आत येत होतं आणि काच पांढरी दिसत होती. काल दुपारी मालक बोलत होते तेव्हा मी त्याच काचेतून बाहेर बघत होते, आणि मला सगळं दिसत होतं. झाड, भिंत, भिंतीवरची मांजर. तेव्हा ऊन त्या बाजूला नव्हतं. काच तीच, साय तीच. दादा म्हणाला होता तेच. सावलीत दिसायची नाही, ऊन तोंडावर आलं की दिसते.

मग मला सोमवार आठवला. मी आणि छोटी सात वाजता त्या रस्त्याने गेलो. छोटी सावली पकडत होती. सावली आमच्या पुढे होती.

सावली पुढे, म्हणजे ऊन मागे.

व्हॅन त्याच रस्त्याने जाते. त्याच वेळी जाते. चिमणी पाठीमागे राहते आणि बेकरी समोर येते. मी दोन वेळा, तीन वेळा मनात चालून बघितलं, घरापासून चौकापर्यंत. ऊन कुठेच समोर येत नाही. कपाट उघडून गॉगलचा डबा बाहेर काढला. जाताना ऊन पाठीला, येताना ऊन पाठीला. हे स्वतःच म्हणाले होते.

मी ह्यांना आत्ताच विचारलं. दाढी करत होते. मी हळूच म्हटलं, "अहो, त्या रस्त्याला सकाळी ऊन मागून येतं ना?"

ह्यांचा हात थांबला. आरशातूनच माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं? जा, तयार हो." गालावर थोडं कापलं होतं त्यांना. मी पुसायला फडकं दिलं तर घेतलं नाही.

हे खोटं बोलणारे नाहीत. गोंधळलेत. एवढं मोठं झाल्यावर माणसाला काय आठवणार, ऊन कुठे होतं आणि काय. मालकांनी त्यांना सांगितलं असेल आणि त्यांना ते तसंच वाटायला लागलं असेल. पण सही मी करायची आहे आणि मला तर आठवतंय.

मी काही निर्दोष नाही. एकच पाणी दिलं ते दिलंच. ती साय काचेवर होतीच. बाईंना भेटले तर पुन्हा सांगीन. पण ती साय त्या दिवशी कुणाला आडवी आली नाही. मग काय आडवं आलं ते मला माहीत नाही. तो फुटलेला फोन मालक त्या दिवशी घेऊन गेले, अजून दिला नाही. त्याचंही मला काही कळत नाही. दादाला कळेल.

दहाला जायचंय. कागदावर सही करायची नाही असं मी ठरवलंय, पण चारचौघांत मला बोलता येत नाही. आणि सगळे पुरुष असतील. मला भीती वाटतेय की मी सही करून बसेन. सही केली आणि मला ठेवलं तर छोटी त्यांच्याकडे राहील. कितीही दिवस. तिला अजून रात्री दोनदा दूध लागतं, ते त्यांना कोण सांगणार? तिला झोपताना कान धरायला लागतो. स्वतःचा नाही, दुसऱ्याचा.

ही वही मी मशीनवर ठेवतेय, कापडाच्या गठ्ठ्यावर, वर गॉगलचा डबा. ताई, तुम्ही दुपारी याल. तुम्हाला वाटेल हिने माझी मापांची वही का परत केली. उजवी पानं वाचा. ताई नसतील तर जो कोणी उघडेल त्याने वाचावीत. मागच्या पुठ्ठ्यावर आतून माझ्या दादाचा नंबर लिहिलाय, पेनाने दोनदा गिरवलाय. कृपा करून त्याला फोन लावा. काय झालं ते नंतर सांगा, आधी लावा. तो काचेचं काम करतो, त्याला फार समजावायला लागणार नाही. म्हणावं ढब्बीने एकच पाणी दिलं, ते खरं आहे. पण ऊन पाठीमागे होतं. आणि आधी छोटीला घेऊन ये म्हणावं, मग माझ्याकडे.